छप्पर गेल्यावर

मर्सिडीजची ३०० एसएल म्हटलं की लोक तिच्या दारांबद्दल बोलतात. छपरातून वर उघडणारी ती दारं पोस्टरवरही असतात आणि खेळण्यातल्या गाडीलाही असतात. मला मात्र या गाडीत सगळ्यात वाचनीय वाटतो तो तिचा उंबरठा. आत पाय टाकायचा तर आधी एक उंच आणि चांगलाच रुंद कठडा ओलांडावा लागतो. आत शिरणं इतकं अवघड, की स्टिअरिंगचं चाक खाली झुकवायची सोय कंपनीला ठेवावी लागली. एवढ्या देखण्या गाडीने आल्या माणसाला दारातच अडवावं, याला काही कारण असणार. ते कारण उमगलं की दारं आपोआप उमगतात आणि छप्पर नसलेल्या कुठल्याही गाडीचा सांगाडा कसा वाचायचा, तेही हाती लागतं.

१९५२ साली ही गाडी शर्यतीसाठी घडत होती. शर्यतीचं खास इंजिन हाताशी नव्हतं, ३०० नावाच्या मोठ्या सेडानचं जड इंजिन होतं. तेच घ्यायचं ठरलं आणि वाढलेलं वजन सांगाड्यातून वसूल करायची वेळ आली. कंपनीचे अभियंते रुडॉल्फ उलेनहाउट यांच्या देखरेखीखाली बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडा उभा राहिला. त्याचं वजन ५० किलोच्या आसपास, म्हणजे सोयाबीनच्या एका भरल्या कट्ट्यापेक्षाही कमी. या सांगाड्याचा नुसता, अंगावर पत्रा न चढवलेला फोटो मिळाला तर तो निवांत बघावा. बहुतेक नळ्या सरळ आहेत. जिथे दोन नळ्या मिळतात तिथे शक्यतो तिसरीही येऊन मिळते, कधी चौथीही. रिकामा चौकोन क्वचितच सापडतो. चौकोन दिसला की त्यातून तिरपी नळी गेलेली असते.

या मांडणीत एक शिस्त आहे. चार नळ्यांचा चौकोन कोपऱ्यात कितीही घट्ट जोडला तरी जोर लावला की तिरका होतो. त्यातून एक तिरपी नळी टाकली की त्याचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोणाला तिरकं व्हायचं तर एखादी बाजू तरी लांबवावी किंवा आखडावी लागते. पोलादाची नळी वाकवणं सोपं, पण तिला लांबीच्या दिशेने ताणणं किंवा दाबणं फार कठीण. म्हणजे त्रिकोण करणारा कारागीर नळीकडून तिला जमतं तेवढंच काम मागतो. तिला ताण द्या, दाब द्या, पण वाकायला लावू नका. ५० किलोंत शर्यतीची गाडी तोलली गेली ती या संयमामुळे. ट्रॉलीच्या चौकटीत किंवा शेताच्या फाटकात तिरपी पट्टी मारणारा आमच्या अनसिंग गावचा फॅब्रिकेशनवाला हे पुस्तक न उघडता जाणतो. फरक एवढाच, की त्याला चुकलं तर जाड अँगल वापरायची मुभा असते. शर्यतीच्या गाडीला ती नसते.

आता उंबरठा. त्रिकोणांची ही जाळी कणखर राहायची तर तिला खोली हवी, म्हणजे वरच्या आणि खालच्या नळीत अंतर हवं. इंजिनाच्या बाजूला ते सहज मिळतं, मागच्या चाकांपाशीही मिळतं. अडचण मधोमध येते, कारण तिथे माणसं बसतात आणि माणसांना दार लागतं. उलेनहाउट यांनी तिथेही जाळीची खोली सोडली नाही. बाजूच्या नळ्या वर चढवत नेल्या आणि दारासाठी जी जागा उरली ती त्या नळ्यांच्या वर. १९५२च्या मिले मिलिया शर्यतीला पहिल्यांदा उतरलेल्या गाड्यांना दार म्हणजे खिडकी आणि छपराचा तुकडा, एवढंच होतं. ल मां शर्यतीच्या आधी ते थोडं खाली वाढवलं. नियमांत दार असावं असं होतं, ते कुठल्या दिशेने उघडावं याबद्दल कुणी काही लिहिलेलं नव्हतं. मग बिजागरी छपराला लागली. जगाने ज्यांना पंख म्हटलं ती दारं अशी नळ्यांच्या हिशेबातून आलेली आहेत. सौंदर्याचा विचार कुणी केलाच नसेल असं नाही, पण आधी हिशेब होता.

रसिकाने खरं थबकावं ते यानंतर. १९५२च्या ऑगस्टमध्ये नुर्बुर्गरिंगच्या शर्यतीत हीच गाडी छप्पर काढून धावली आणि जिंकलीही. छप्पर कापलं तरी सांगाड्याला फारसं काही झालं नाही, कारण छप्पर मुळात काही उचलतच नव्हतं. ते वाऱ्यापावसाचं होतं. भार खालची जाळी वाहत होती आणि तो कठडा शाबूत होता. चालक त्याच्यावरून चढून आत बसत. म्हणजे या गाडीच्या बाबतीत आपला नेहमीचा समज उलटा पडतो. छप्पर काढणं सोपं निघालं. अवघड होतं ते साधं, बाजूला उघडणारं, साडी नेसलेल्या बाईलाही सहज आत जाता येईल असं दार लावणं.

ते अवघड काम १९५७ साली करावं लागलं. जिनिव्हाच्या प्रदर्शनात ३०० एसएलची रोडस्टर आवृत्ती आली, कापडी छपराची, नेहमीच्या दारांची. विक्रीच्या, बंद छपराच्या कूपे १,४०० बनल्या होत्या, रोडस्टर १९६३पर्यंत १,८५८ बनल्या. दारासाठी बाजूच्या नळ्या खाली उतरवाव्या लागल्या. जाळीची खोली नेमकी मधोमध, जिथे ती सर्वांत हवी तिथेच कमी झाली. आता या जागी सरळसोट माणूस काय करील? खाली उतरवलेल्या नळ्या जाड करील. मर्सिडीजच्या माणसांनी जे केलं ते जास्त विचारी होतं. उतरवलेल्या बाजूपासून तिरप्या नळ्या मागे नेऊन त्यांनी त्या मागच्या आडव्या नळीला टेकवल्या. दुबळेपण आलं दारापाशी आणि आधार आला दाराच्या मागे. दारापाशी अडवलेला भार वाट बदलून आसनांच्या मागच्या भिंतीतून पुढे जातो. छप्पर गेलं, दार आलं, आणि वजन कमी व्हायच्या ऐवजी वाढलं.

उघडी गाडी बंद गाडीपेक्षा जड असते, हे ऐकून आजही अनेकांना नवल वाटतं. पत्रा कमी झाला, काच कमी झाली, मग वजन कुठून आलं? ते खालून येतं. गाडीच्या पोटाखाली, उंबरठ्याच्या आत, डॅशबोर्डच्या मागे, आसनांच्या पाठीशी पोलाद भरलं जातं. म्हणून उघडी गाडी वरून बघून कळत नाही. तिला जॅकवर चढवून पाठीवर झोपून बघावं लागतं.

सांगाड्यावर येणारे त्रास दोन. एक म्हणजे वाक: चाकं दोन टोकांना, माणसं मध्ये, त्यामुळे मधला भाग खाली जाऊ पाहतो. हा त्रास सरळ आहे. उंबरठा खोल केला की भागतं. दुसरा त्रास पिळाचा आणि तो लबाड आहे. पुढचं डावं चाक वर उचललं जातं, त्याच क्षणी मागचं उजवं वर जातं, आणि ओला कपडा पिळावा तसा सांगाडा दोन टोकांना दोन दिशांनी फिरतो.

पीळ बघायला अनसिंगहून लांब जायला नको. वाशिमहून पुसदला जाणारा रस्ता गावावरून जातो आणि त्याच्या दोन्ही अंगांना काळी माती आहे. ही माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाने तापली की आकसून भेगाळते. डांबर कितीही चांगलं टाका, खालची जमीन दरवर्षी कूस बदलते. वर्षा-दोन वर्षांत रस्त्याला लाटा येतात आणि डावीकडची लाट उजवीकडच्या लाटेला विचारून येत नाही. खड्डा चुकवता येतो, लाट चुकवता येत नाही. जिल्ह्याच्या दुसऱ्या भागातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर कुठलीही गाडी कणखर भासेल. सांगाड्याची परीक्षा घ्यायची तर आमचा रस्ता बरा.

पिळाची गोष्ट अंगणातल्या बाजेवरून चटकन समजते. बाज खडबडीत जागी टाकली, एका पायाखाली खळगा असला, तरी ती डगमगत नाही. चौकट थोडी पिळली जाते आणि चारी पाय जमिनीला टेकतात. तिथेच सागवानी टेबल ठेवा, ते एका पायावर टकटक करत राहील. बाजेची ही मऊ समजूत मालवाहू ट्रकच्या चासीतही मुद्दाम ठेवलेली असते. दोन लांब उघड्या चॅनल, मध्ये आडव्या पट्ट्या, रिव्हेट ठोकलेल्या. शेतातल्या वाटेवर असा ट्रक चांगलाच पिळला जातो आणि चारी बाजूंची चाकं जमिनीवर ठेवतो. मग स्पोर्ट्स कारने बाजेसारखं का असू नये? कारण तिच्यात हे काम स्प्रिंगांना दिलेलं असतं. स्प्रिंगच्या शेजारी शॉक ॲब्सॉर्बर असतो, तो झोका आवरतो. सांगाडा स्वतःच पिळू लागला तर तीही एक स्प्रिंग झाली, आणि तिला आवरायला शॉक ॲब्सॉर्बर नाही. वळणावर चालकाने चाक फिरवलं, पुढची बाजू वळली, आणि मागची क्षणभर उशिराने वळली, तर चालकाच्या हाताला जे कळायला हवं ते पुसट होतं. बाज झोपायला चांगली. तिच्यावर बसून नेम धरता येत नाही.

बंद गाडी पिळाला इतकी कशी पुरून उरते, हे एका नळीवरून दिसतं. १० सेंटिमीटर व्यासाची, दीड मिलिमीटर जाड पत्र्याची पोलादी नळी घ्या. तिला पिळायला किती जोर लागतो ते बघा. आता तिला लांबीभर एक चीर द्या. पत्रा तेवढाच, वजन तेवढंच, आकारही तोच. पण पिळाला होणारा विरोध सुमारे ३,३०० पटींनी घटतो. इथे आकडा अतिशयोक्त वाटतो, पण गणित साधं आहे: बंद नळीत ताण पत्र्यातून गोल फिरून स्वतःला येऊन मिळतो, चिरलेल्या नळीत त्याला परतायला वाट नसते, म्हणून पत्र्याच्या जाडीतल्या जाडीतच त्याला वळून यावं लागतं. आजकालची सेडान किंवा हॅचबॅक ही जमीन, बाजू, छप्पर अशी मिळून एक मोठी बंद नळीच असते. काचांची आणि दारांची भोकं आहेत, पण खांबांनी ती बांधलेली आहेत. छप्पर काढणं म्हणजे या नळीला वरून चीर देणं. ३०० एसएलला छप्पर नसल्याचं फारसं दुःख झालं नाही, ते तिला नळी व्हायचंच नव्हतं म्हणून. आजच्या पत्र्याच्या गाडीचं तसं नाही.

म्हणूनच जुन्या छोट्या मोटारीचं छप्पर गॅसकटरने कापून वरातीसाठी उघडी गाडी करण्याची कल्पना घातक आहे. असं करणाऱ्याला पहिल्यांदा जाणवेल ते दारात. गाडी उभी असताना दार लागेल, माणसं बसली की लागणार नाही, कारण मधला भाग खाली बसून दाराची चौकट आवळलेली असेल. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ने कंपनीने दिलेल्या मूळ बांधणीत असे फेरफार करायला मनाई केली आहे. ते कलम वाचताना त्यामागे ही चिरलेली नळी आहे असं मला वाटतं, मग कायदा लिहिणाऱ्याच्या मनात ती असो वा नसो.

गंमत अशी की पत्र्याच्या अंगालाच सांगाडा मानणारी पहिली महत्त्वाची मोटार उघडीच होती. १९२२ची लान्चिया लाम्ब्दा. विन्चेन्झो लान्चिया यांनी स्वतंत्र चासी टाकून दिली आणि खोल बाजूंच्या पत्र्याच्या पेटीलाच सगळं वाहायला लावलं. छप्पर नव्हतं, म्हणून बाजू उंच होत्या आणि आसनांच्या पाठी व मधला बोगदा यांनी त्या एकमेकींना बांधलेल्या होत्या. उघड्या गाडीला भक्कम करण्याच्या आजच्या बहुतेक युक्त्या तिच्यात बीजरूपाने सापडतात.

त्या युक्त्यांपैकी मला सर्वांत आवडते ती मधल्या बोगद्याची. लोटसच्या कॉलिन चॅपमन यांना १९६२ची इलान फायबरग्लासच्या एकसंध अंगाची करायची होती. त्या अंगाची तयारी होईपर्यंत सस्पेन्शन तपासायला काहीतरी हवं म्हणून रॉन हिकमन यांच्या चमूने पत्रा दुमडून एक लांबट पेटी केली. मधोमध कणा, दोन्ही टोकांना तो दुभंगून इंजिनाला आणि मागच्या चाकांना कवेत घेणारा. तात्पुरती म्हणून केलेली ही पेटी पिळाला इतकी तगडी ठरली की तीच कायम झाली. पाय, हात, दार कशाच्याही वाटेत ती येत नाही. उंबरठ्यावरचा भार आसनांच्या मधे नेला, म्हणून इलानमध्ये बसणं सोपं आहे. ३०० एसएलचा कठडा आणि इलानचा कणा ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरं शेजारी ठेवली, तर इलानचं उत्तर मला जास्त शहाणं वाटतं. त्याच लोटसने १९९६च्या इलीझमध्ये मात्र पुन्हा रुंद कठडे आणले. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या डिंकाने चिकटवून केलेली तिची चासी ६८ किलोंची आहे आणि तिला एक अंशाने पिळायला सुमारे १०,००० न्यूटन-मीटर लागतात. म्हणजे गाडीची मागची बाजू घट्ट बांधून पुढे दीड मीटरचा दांडा लावला, तर त्या चासीएवढ्याच वजनाची दहा माणसं दांड्याच्या टोकाला लोंबकळली तेव्हा कुठे ती एक अंश वळेल. आत शिरताना मात्र गुडघे वर घेऊन शिरावं लागतं. उंबरठा परत आला, पण या वेळी त्याने कमी किलोंत जास्त दिलं.

माझदाची एमएक्स-५ १९८९ची. ती वाचताना दृष्टी बदलावी लागते, कारण तिच्यात कुठलीही एक मोठी युक्ती नाही. छोट्या छोट्या जोडण्या आहेत. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत ॲल्युमिनियमची एक लांब, भोकं पाडलेली तुळई जाते. तिचं काम इंजिन-गिअरबॉक्स आणि मागचा धुरा यांना एकजीव करण्याचं. ॲक्सिलरेटरवर पाय पडला की मधे कुठे ढिलाई जाणवत नाही, ते तिच्यामुळे. पण माझं लक्ष जास्त वेधून घेते ती १९९४च्या आवृत्तीतली दुरुस्ती. १,८०० सीसीचं इंजिन आलं, आणि त्याबरोबर आसनांच्या मागे, सीटबेल्टच्या दोन खांबांना जोडणारा एक आडवा दांडा आला. पुढच्या आणि मागच्या सबफ्रेमनाही आधाराच्या पट्ट्या लागल्या. आधीची गाडी आणि नंतरची गाडी शेजारी उभ्या केल्या तर हा दांडा सहज दिसतो. बाजूने होणाऱ्या धडकेचे नवे निकष पाळण्याचं कारण त्यामागे होतं, पण पिळालाही त्याचा उपयोग होतोच. छप्पर असतं तर डावा खांब आणि उजवा खांब वरून बांधलेले असते. छप्पर नाही, म्हणून ते आसनांच्या पाठीशी बांधले. ३०० एसएल रोडस्टरच्या मागच्या तिरप्या नळ्यांची ही सदतीस वर्षांनंतरची नात म्हणायला हरकत नाही.

चांगला आधार कसा ओळखायचा, हे एवढ्यावरून सांगता येईल. रस्त्याच्या लाटेत जे दोन बिंदू एकमेकांपासून दूर जाऊ पाहतात, किंवा जवळ येऊ पाहतात, त्यांनाच तो जोडतो, आणि सरळ रेषेत जोडतो. गाडीच्या पोटाखालचा तिरपा फुलीचा आधार हे याचं चोख उदाहरण. जमिनीचा पत्रा चौकोनी आहे, पिळात त्याचा एक कर्ण लांबतो, दुसरा आखूड होतो. फुलीचे दोन दांडे नेमके त्या दोन कर्णांवर बसतात. एक ताण घेतो, दुसरा दाब. दांडे जमिनीपासून फार उंच नसल्याने आमच्या रस्त्यावरच्या गतिरोधकांशी त्यांची ओळख होते, ती गोष्ट वेगळी.

याउलट हौशी लोकांच्या इंजिनवर चमकणारा जो दांडा असतो, दोन्ही बाजूंच्या सस्पेन्शनच्या टोप्या जोडणारा, त्याच्याबद्दल मी थोडा कठोर आहे. ज्या गाड्यांत स्ट्रट पद्धतीचं सस्पेन्शन आहे तिथे वळणाचा आडवा जोर खरोखर त्या टोपीपर्यंत पोचतो, आणि तिथे दांड्याला काम असतं. एमएक्स-५ला पुढे-मागे दुहेरी विशबोन आहेत. आडवा जोर खाली, विशबोनांच्या बुडाशी अडतो. टोपीवर येतो तो मुख्यतः स्प्रिंगचा उभा भार. मग तिथे हा दांडा किती कामाचा? शिवाय बाजारातले अनेक दांडे इंजिन चुकवायला मधे वाकवलेले असतात. नळीला ताण-दाब झेपतो, वाक झेपत नाही, हे ३०० एसएलने शिकवलं. वाकवलेला दांडा ओढला की आधी सरळ व्हायला बघतो आणि तेवढ्यात टोप्या हलून मोकळ्या होतात. तिसरा दोष जोडणीत. एक मिलिमीटर पत्र्याला भोक पाडून दोन बोल्ट मारले, आत जाड पट्टी दिली नाही, तर दांडा लोखंडाचा आणि मूळ कागदाचं अशी स्थिती होते. या दांड्यांवर क्रोम असतो, कंपनीचं नाव असतं, झाकण उघडून मित्रांना दाखवता येतात. अलंकार म्हणून ठीक. कवितेत भरीचा शब्द असतो तसा हा भरीचा दांडा, मात्रा पूर्ण करतो, अर्थ वाढवत नाही.

महाराष्ट्रात बनणारी आणि कंपनीकडूनच उघड्या छपराची मिळालेली गाडी म्हटली तर नाशिकची थार समोर येते. २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलेल्या थारच्या नव्या आवृत्तीत उघडता येणाऱ्या कापडी छपराचा पर्याय होता. ती स्पोर्ट्स कार नाही, तिला तसं वाचूही नये. १९४०च्या दशकाअखेरीस मुंबईत जुळवल्या जाऊ लागलेल्या विलीज जीपच्या घराण्यातली ती, शिडीसारख्या स्वतंत्र चासीवर उभी. तिचं अंग कापडाचं असो की पत्र्याचं, मुख्य भार खालची शिडी वाहते, म्हणून छपराचं असणं-नसणं तिला सोसतं. १९९०च्या दशकाअखेरीस सॅन मोटर्सची स्टॉर्म आली होती, फायबरच्या अंगाची, दोन आसनी, रेनॉच्या ११४९ सीसी इंजिनाची. ती खरी उघडी स्पोर्ट्स कार, आणि भारतात बनलेली. फार चालली नाही. आपल्याकडे उघड्या छपराची हौस जीपच्या वाटेने भागली, स्पोर्ट्स कारच्या नाही. ऊन, धूळ आणि रस्ता बघता त्यात नवल नाही.

अजून एक थर राहिला, थरथरीचा. उघड्या गाडीत बसून लाटांच्या रस्त्यावरून जाताना समोरची काच आणि डॅशबोर्ड यांत एक बारीक कंप जाणवतो. आरशातली मागची गाडी दोन दिसू लागते. गाडीचं अंग स्प्रिंगांवर सेकंदाला एक-दीड वेळा झुलतं, ते झुलणं सुखाचं. चाक आणि टायर सेकंदाला साधारण दहा ते पंधरा वेळा थडथडतात. सांगाड्याची स्वतःची पिळाची लय या थडथडीच्या जवळ आली की दोघांची जुगलबंदी सुरू होते आणि ती काचेच्या चौकटीत दिसते, कारण छप्पर नसताना ती चौकट एका काठावर उभी असलेली एकटी चौकट असते. आधार देणं म्हणजे सांगाड्याची लय वर चढवणं, चाकांच्या लयीपासून दूर नेणं. काही कंपन्या हे पूर्ण साधलं नाही की गाडीच्या कोपऱ्यात स्प्रिंगवर टांगलेलं एक जड वजन ठेवतात. ते उलट दिशेने हलून कंप खातं. उपाय लागू पडतो, मान्य. पण किलो खर्च करून पोलादाला भक्कम न करता नुसतं गप्प बसवणं मला रुचत नाही.

आधार बसवणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट आहे, की सांगाडा कणखर झाला म्हणजे गाडी कडक झाली, आणि कडक गाडीला कडक स्प्रिंग हवी. व्हायला हवं उलट. सांगाडा पिळत असताना स्प्रिंगचं निम्मं काम तोच चोरत होता, म्हणून पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगांत कितीही फरक केला तरी गाडीला तो कळत नव्हता. आता सांगाडा जागचा हलत नाही, तर स्प्रिंगमध्ये केलेला बारीक बदलही चाकांपर्यंत पोचतो. म्हणजे स्प्रिंग थोडी मऊ करायची सवड मिळते. १९५७च्या ३०० एसएल रोडस्टरमध्ये सांगाडा बदलताना मागच्या धुऱ्याचीही बांधणी बदलली होती, कमी उंचीवर एकाच सांध्यातून डोलणारा आणि मधे तोल सांभाळणारी स्प्रिंग असलेला धुरा. सांगाडा आणि सस्पेन्शन एका हाताने लिहिले गेले. आमच्याकडच्या लाटांवर हीच रीत चालेल: आधी पोटाखालची फुली, मग मऊ स्प्रिंग, मग चांगला शॉक ॲब्सॉर्बर. हौशी माणूस फुली बसवतो, त्याच दुकानातून कडक स्प्रिंगही घेतो, गाडी दोन इंच खाली बसवतो, आणि अनसिंगच्या पहिल्याच गतिरोधकावर ती फुली घासून आल्यावर रस्त्याला शिव्या देतो.